कर्णा लावायला आलेला माणूस

निजामाच्या राजवटीतली शेवटची वर्षं. वडवणीच्या जत्रेत भजनाला पहिल्यांदाच कर्णा लागला. तो लावायला बीडहून आलेल्या माणसाचं नाव मी कधी विचारलंच नाही.

मी गवळणी गायचो. आवाज गोड, पण बारीक. दरसाल मृदंगाखाली दबायचा. शेरडं घेऊन लांब बांधावर बसणारे धनगर म्हणायचे, "बुवाचं नुसतं तोंड हलतंय."

मृदंगवाल्यानं हट्टानं पहिला माईक घेतला, दुसरा मला मिळाला. दोन्हींच्या तारा कर्ण्याच्या यंत्राच्या एका पेटीत गेल्या होत्या, पेटीवर आवाज कमी-जास्त करायच्या दोन खुंट्या, एकेका माईकची एकेक. आम्ही सुरू केलं की तो माणूस बांधावर पळायचा, धनगरांत उभं राहून कानामागं तळवा धरायचा आणि परत येऊन खुंटी तिळभर फिरवायचा. सात-आठदा गेला. आवाज पोचतच नाही असं वाटून मी आणखीच ओरडू लागलो.

"गळा कावून फाडता, बुवा?" तो वैतागला. "तुमचा आवाज पुरा हाय. मी मृदंग खाली घेतो."

मृदंगवाला चिडून दणादण बडवू लागला. कर्ण्यावाल्यानं मृदंगाची खुंटी मागं फिरवली आणि पुन्हा बांधाकडं पळाला. मी हळूच पुढचं कडवं म्हटलं.

बांधावरून धनगरांनी ध्रुपद उचललं, शब्द न् शब्द!

या वेळी तो परत आला नाही. शेरडांत मांडी घालून तोही टाळ्या देत होता.