सुमनचं स्पेलिंग

सुमन गेल्याचा फोन मंचरला, मी शिकवते त्या शाळेत आला, तेव्हा तिची फ्लॉपी माझ्या टेबलाच्या खणात होती. आठ दिवस तशीच, पाकिटासकट. पेपर तपासून झाले की वाचू, म्हटलं होतं... पेपर तपासून झाले आणि सुमन राहिली नाही.

सुमन माझी चुलत बहीण, निमगाव सावा या गावची. बारावीनंतर एका तापात तिचे डोळे गेले आणि तिला आलेलं प्रत्येक पत्र मी वाचून दाखवू लागले. तिची जमलेली सोयरीक मोडल्याचं पत्रही मीच वाचलं. ‘आंधळी सून आम्हाला काय कामाची’ अशी त्यात एक ओळ होती, ती मी गाळली. दोन महिन्यांनी कुठल्याशा लग्नात ती ओळ तिच्या कानावर आलीच. ‘तू वाचलंस, पन निम्मं गिळलंस,’ ती म्हणाली. ‘पत्र माझं व्हतं ना? मग दुखायचं ते मला दुखू द्यायचं.’ मला भयंकर राग आला. एवढं करून वर हेच ऐकायचं! तिचंच बरोबर होतं, हे कळायला मला फार वर्षं लागली.

पुढं पुण्याला एका संस्थेत ती कॉम्प्युटर शिकली आणि एक जुना कॉम्प्युटर घेऊन गावी आली. पडद्यावरचा मजकूर तो मोठ्यानं वाचून दाखवी, पण त्याला यायचं फक्त इंग्रजी. मराठी फॉन्टमधलं काही दिलं की भलतीच अक्षरं बरळायचा. हार मानेल ती सुमन कसली! तिनं इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला घेतलं. त्यातही ‘पण’साठी पी-ए-एन लिहिलं की मशीन म्हणे ‘पॅन’, आणि ‘मन’चा करी ‘मॅन’. मग कानाला बरोबर लागेल असं स्पेलिंग तिनं स्वतःच शोधलं. पण म्हणजे पी-यू-एन, मन म्हणजे एम-यू-एन... असे शेकडो शब्द तिनं बसवले. पडदा मात्र बंदच असायचा. ‘मला दिसत न्हाई, मग त्याला कशाला जाळायचं?’ बघणाऱ्याला वाटे, पोरगी बंद डब्यापुढं बोटं बडवत बसलीय.

दुधाच्या गाडीवाल्याबरोबर ती मला फ्लॉपी धाडायची. कुणाकडून लिहून न घेतलेली, कुणीही आधी न वाचलेली तिची पत्रं. शाळेच्या कॉम्प्युटरवर नुसत्या डोळ्यांनी ती वाचताच यायची नाहीत, एकेक शब्द पुटपुटावा लागायचा. मी कुरकुरले की खिदळायची. ‘वाचू नगंस बये, ऐक. डोळं हायेत म्हणून लई मिजास!’ एवढा वेळ लागतो म्हणूनच ती शेवटची फ्लॉपी मी मागं टाकली.

तेराव्यानंतर ती फ्लॉपी घेऊन मी निमगावला गेले. सुमनची आई, आमची नानी, शेजारी येऊन बसली. पडदा तिच्यासारखाच बंद ठेवून मी मशीन लावलं आणि ते साहेबी हेल काढून बोलू लागलं. कावीळ झालीय. आई झाडपाल्याचं औषध देतेय, पथ्याची भाकरी हातानं भरवतेय. पण उतार नाही. मला दवाखान्यात जायचंय. आईला कसं म्हणू? तिच्या औषधावर माझा भरवसा नाही, असं तिला वाटेल. तू ये, आणि तुलाच सुचल्यासारखं तिच्याशी बोल...

नानीला ते उच्चार उमगले नाहीत. ‘काय म्हन्ती गं?’ तिनं विचारलं. भाकरीचं तेवढं सांगावं आणि गप्प बसावं, असं अगदी जिभेवर आलं होतं. नाही बसले. सगळं सांगितलं, फ्लॉपी आठ दिवस खणात पडून होती तेही सांगितलं. सांगताना माझी मलाच लाज वाटत होती.

‘मला एकदा म्हनायचं व्हतं तिनं,’ नानी म्हणाली. ‘मी काय न्हाई म्हनले असते?’ मला ती एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मग म्हणाली, ‘परत लाव.’

मी परत लावलं. काय लिहिलंय ते कळल्यावर आता तिला उच्चारही कळत होते. भाकरीला तिनं मान हलवली. दवाखान्याचं वाक्य आलं तशी ती उठली, पदर खोचला आणि त्या बंद पडद्याला म्हणाली, ‘चल, जाऊ. येष्टी हाय अजून.’