व्याख्यानाच्या अक्षता

आमची भामाअक्का पाचवी शिकलेली. पाचवीतच तिचं लग्न ठरवून शाळेतून काढलं होतं, हे ती कुणालाही सांगायची, अगदी सांबारपूड घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालासुद्धा. तंजावुरात राजवाड्याच्या मागल्या गल्लीत घर. नवरा रघोजी बस डेपोत मेकॅनिक, मुलगी शांभवी फोनच्या बूथवर बसायची, आणि अक्का सांबारपूड करून विकायची. एवढाच संसार. पण महिन्याचा दुसरा रविवार आला की ह्या बाईच्या अंगात वारं शिरायचं.

गल्लीच्या तोंडाशी चिदंबरअण्णांचा लहानसा हॉल आहे. तिथं जयतीर्थ सार भाषणं ठेवायचे. सार कॉलेजात झाडापानांचं शास्त्र शिकवून रिटायर झालेले. कधी राजांचा इतिहास, कधी भिंतीवरची जुनी चित्रं, कधी पक्षी. अर्धं तमिळ, अर्धं मराठी, कुणीही यावं, काही द्यायचं नाही. अक्का पहिल्यांदा गेली ती कॉफी द्यायला. त्या दिवशी विषय होता घुबड. कॉफी वाटून झाली, भांडं रिकामं झालं, तरी ही भांडं कमरेवर घेऊन शेवटपर्यंत उभीच. घरी येऊन हातात डाव धरून नवऱ्याला घुबडाची मान कशी फिरते ते दाखवत बसली, आणि चुलीवरचा रसम उतू गेला. तेव्हापासून एक रविवार चुकला नाही. रघोजी म्हणायचा, हिची शाळा आता सुरू झाली, माझी परीक्षा.

मग आलं केबल. सत्त्याण्णव साल असेल. घरोघरी वायर, आणि रविवारी संध्याकाळी पिक्चर. हॉलात उरले कोण, तर सार, अक्का, दोन पेन्शनर, आणि एक गुरुमूर्ती मामा, ते झोपायलाच यायचे. चिदंबरअण्णांनी सारांना सांगून टाकलं की कंप्यूटर क्लासवाला हॉल मागतोय, पुढच्या महिन्यापासून देतो. अक्काच पुढं होऊन म्हणाली, अण्णा, एक रविवार द्या. अण्णा म्हणाले, भरलेला हॉल एकदा दाखव, मग बोलू.

सारांनी छापील कागद काढले. दुधाच्या बूथवर लावले, देवळाच्या भिंतीवर लावले. लोक त्याच्यापुढं उभे राहून दूध घेत होते, पण येतो म्हणून एकानंही म्हटलं नाही. अक्का घरी लसूण सोलत होती, सोलता सोलता थांबली. आपल्या माणसांत कागद बघून कोण जातं? सख्ख्या भावाच्या लग्नाची पत्रिका पोस्टानं आली आणि दारात कुंकू लावायला कुणी आलं नाही, तर माणसं रुसतात, जात नाहीत. कागदाला कोण विचारतो?

लसूण तसाच टाकला. पेटीतला चांदीचा करंडा काढला, हळदीच्या अक्षता केल्या, पट्टूची रेशमी साडी नेसली आणि निघाली.

पहिल्या घरी कुंकू लावलं, हातात अक्षता दिल्या, म्हणाली, रविवारी साडेचारला अण्णांच्या हॉलात या, सगळे या. त्या बाईनं डोळे मोठे केले आणि म्हणाली, कळलं हो कळलं, आता काही विचारत नाही. अक्काला वाटलं, बरं झालं. दुसऱ्या घरी तसंच. तिसऱ्या घरी म्हातारीनं तिची हनुवटी धरून विचारलं, मुलगा कुंभकोणमचा का? तेव्हा अक्काच्या डोक्यात प्रकाश पडला. शांभवी सव्वीस वर्षांची, बिनलग्नाची. सगळ्यांना वाटत होतं तिचा निश्चय, म्हणजे साखरपुडाच, ठरलाय.

तिथंच खरं सांगायचं. पण सांगितलं तर परत पिक्चर, परत रिकाम्या खुर्च्या. अक्का नुसती हसली आणि पुढच्या दाराशी गेली. चार दिवस फिरली. ओरत्तनाडूच्या नातलगांकडे बसनं जाऊन आली. चिदंबरअण्णांच्या बायकोलाही कुंकू लावलं, सोडलं नाही.

शुक्रवारी शांभवी बूथवरून आली ती चप्पल न काढताच उभी राहिली. फोन करायला येईल तो तिला नवऱ्याचं नाव विचारत होता.

"अम्मा, माझं लग्न कधी आहे ते मजही सांग. रजा टाकावी लागेल."

अक्कानं खाली बसून सगळं सांगितलं. शांभवी रागावली, रडली, मग पदरात तोंड घालून हसली, मग परत रागावली. शेवटी म्हणाली की सगळ्यांसमोर उभं राहून खरं तू सांगायचंस, मी नाही. अक्का हो म्हणाली. पण घरात ती कितीही बोलो, चार माणसांपुढं उभं राहून जन्मात बोलली नव्हती.

रविवार आला. काय सांगायचं! चार वाजल्यापासून रांग. पट्टूसाड्या, जरीची वेष्टी-धोतरं, मोगऱ्याचे गजरे, आणि प्रत्येकीच्या हातात ताट, ताटात नारळ, केळी, विड्याची पानं. हॉल भरला, व्हरांडा भरला, पायऱ्यांवर माणसं. जयतीर्थ सार राजवाड्याच्या चित्रांच्या स्लाइडी घेऊन आले, दारातच थबकले आणि परत जायला वळले. त्यांना वाटलं अण्णांनी हॉल लग्नाला दिला. अक्कानं हात धरून आत आणलं. चिदंबरअण्णा पहिल्या रांगेत, बायकोच्या मांडीवर ताट.

हरभऱ्याचं सुंदल वाटलं गेलं, तेव्हा कनकलता उठली. कनकलता म्हणजे समोरच्या घरातली, जिभेला धार लावूनच बाहेर पडायची.

"निश्चयाला सुंदल होय गं भामाक्का? आणि नवरा मुलगा कुठला? तो प्रोफेसर तर नव्हे? त्याचे दात खोटे आहेत."

हॉल हसला. अक्का उभी राहिली. पुढच्या खुर्चीची पाठ धरली.

"नवरा मुलगा नाही. निश्चय नाही. माझी पोर उगीच तुमच्या तोंडी आली, दोष माझा. मज लग्नासाठी शाळेतून काढलं. मग पस्तीस वर्षं मी तुमच्या घरची लग्नंच करत आले. ही इथली भाषणं माझी शाळा. ती बंद होते आहे. कागदानं तुम्ही आला नाहीत, म्हणून तुम्ही जसे येता तसं बोलावलं. आता जायचं तर जा. सुंदल संपवून जा."

कुणी हललं नाही. रागानं का लाजेनं, कोण जाणे. आणि नेमका तेव्हा करंट गेला. पंखे थांबले, स्लाइडीचं मशीन मुकं झालं. सार हातात चित्रांची पेटी घेऊन तसेच उभे, कपाळावर घाम. दोघी तिघी पदर सावरून उठायला लागल्या. अक्कानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, कनकलताच्या ताटातलं एक विड्याचं पान उचललं आणि सारांच्या हातात ठेवलं.

"सार, ह्याचं सांगा."

सारांनी पान खिडकीच्या उजेडात धरलं. मग हळूच म्हणाले, सगळ्यांनी आपापल्या ताटातलं एक पान घ्या. आणि झालं! दीडशे माणसं हातात पान घेऊन खिडकीकडे बघतायत. सार म्हणाले, मिरीचा वेल आणि हा वेल एकाच घराण्यातले, चावून बघा, तिखट लागेल. सगळ्यांनी चावलं. सार म्हणाले, शेतकरी हा वेल बीपासून लावत नाही, जुन्या वेलाचा तुकडा तोडून नवा लावतो. म्हणजे तुमच्या पणजीनं खाल्लं ते पान आणि हे पान एकाच वेलाचं असू शकेल. ओरत्तनाडूहून आलेला एक म्हातारा उठला, म्हणाला, आमच्या वाडीत अगस्तीच्या झाडावर चढवतो, सावली हलकी लागते त्याला. कोणी विचारलं, कोणी उत्तर दिलं, सारांना बोलायला जागा मिळेना.

आणि कनकलता! ती म्हणाली, आमची आजी शिरा बघून नर पान आणि मादी पान ओळखायची. देठापाशी शिरा जोडीनं फुटल्या तर मादी, मागंपुढं फुटल्या तर नर. सार हसले, म्हणाले, शास्त्र तसं म्हणत नाही, पण बघूया. तर सगळा हॉल शिरा मोजायला लागला. गुरुमूर्ती मामा जागे! पानं इकडून तिकडं फिरतायत, म्हाताऱ्या चष्मे मागतायत. करंट परत आला तेव्हा लोकांनी ओरडून पंखा बंद करायला लावला, पानं उडत होती.

जाताना चिदंबरअण्णा अक्कापाशी थांबले. म्हणाले, कंप्यूटर क्लास बाकीचे दिवस चालू दे, दुसरा रविवार तुमचा. पण अक्षता दर महिन्याला माझ्या घरी आल्या पाहिजेत, नाहीतर मी येणार नाही.

त्यानंतर सात वर्षं अक्का दर महिन्याला करंडा घेऊन फिरली. कुंकू लावायची आणि विषय सांगायची, ह्या वेळी वटवाघूळ, ह्या वेळी आरशातली चित्रं. शांभवीच्या खऱ्या निश्चयाचं बोलवायला निघाली तर लोकांनी विचारलं, विषय काय?

गेल्या महिन्यात अक्का गेली. दोन दिवसांचा ताप, बस. मरणाला कुणी अक्षता देत नाही, तरी गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. तेरावा झाला आणि दुसरा रविवार जवळ आला. आता वर्षभर ह्या घरातून कुंकू घेऊन कोण निघणार?

तर कनकलता आली. पट्टूची साडी नेसून. माहेरी आलेल्या शांभवीकडून करंडा मागून घेतला, पदरानं पुसला, आणि पहिलं कुंकू तिथंच शांभवीला लावायला लागली. रघोजी कोपऱ्यातून म्हणाला, आमच्या घरात वर्ष पाळायचंय, आम्हाला कसं बोलावता?

"लग्न थोडंच आहे," कनकलता म्हणाली. "भाषण आहे. विषय घुबड. साडेचारला या."