संत्र्याच्या कागदातलं नागपूर

नाला ओलांडला आणि यमुनाबाईच्या चपलेचा अंगठा तुटला. तिने दोन्ही चपला काढून हातात घेतल्या आणि तशीच पुढे चालू लागली.

"थांबा ना, माझ्याजवळ पिन आहे," मागून सरला म्हणाली.

"पिन लावत बसू तं सौसरचं पोस्ट बंद होईन, बाई. चला."

मोहगाव सोडून त्यांना तास झाला होता. दुपारची बस आलीच नव्हती. स्टँडवरच्या तुळशीरामने सांगितलं, वाटेत बिघडून पडली, आता आली तर उद्या. तेव्हा दोघी पायीच निघाल्या. सौसरच्या पोस्टातून नागपूरच्या दवाखान्याला ट्रंक कॉल लावायचा, नाही लागला तर मिळेल त्या बसने नागपूर गाठायचं, एवढं ठरवून.

यमुनाबाईची छाया काल पहाटे नागपूरला गेली होती. एकटी. तिथल्या एका धर्मादाय दवाखान्यात नर्सिंगच्या शिक्षणाची मुलाखत होती. संध्याकाळच्या बसने ती परत यायची होती. आली नाही. आज सकाळच्या बसमध्येही नव्हती.

सरला मोहगावच्या शाळेत शिकवायची. माहेर पांढुर्ण्याचं. छाया चौथीत असल्यापासून तिच्या हाताखालची. नर्सिंगचा फॉर्म तिनेच आणला, तिनेच भरला आणि सोबत जायचंही तिनेच कबूल केलं होतं. पण नेमकी सहामाही परीक्षा आली आणि रजा मिळाली नाही. छायाचा बाप दादाराव संत्र्याच्या तोडणीच्या वेळी शिडीवरून पडला होता, त्याचा पाय प्लास्टरमध्ये. तेव्हा सरलाच म्हणाली होती, "जाऊ द्या एकटीला. वही आहे ना तिच्याजवळ."

ती वही आता सरलाच्या मनातून हलत नव्हती. चालता चालता ती ओठातल्या ओठात रामरक्षा म्हणत होती, आणि दर वेळी अर्ध्यात येऊन वहीपाशी अडत होती.

वही यमुनाबाईने केलेली. यमुनाबाई म्हणजे संत्र्याच्या पेट्या भरणारी बाई. जन्म रामाकोन्याचा, शाळा चौथीपर्यंत. पंधराव्या वर्षी लग्न होऊन मोहगावला आली आणि त्याच हंगामात पेट्यांवर बसली, ती आजतागायत. बागेतून आलेलं फळ निवडायचं, लहानमोठं वेगळं करायचं, चांगलं फळ एकेक करून रद्दी कागदात गुंडाळायचं, पेटीत तणसाच्या पेंढ्यावर थर लावायचे आणि वरून पट्ट्या ठोकायच्या. मग पत्र्याचा छापा धरून पेटीवर व्यापाऱ्याची निळी खूण मारायची. खूण मारायचं काम तिचं एकटीचं, कारण तिचा रंग कधी ओघळत नसे.

रद्दीचे गठ्ठे पांढुर्ण्याहून यायचे. त्यात नागपूरची वर्तमानपत्रंच जास्त. बाकीच्या बाया कागद हाती आला की गुंडाळून मोकळ्या. यमुनाबाई आधी वाचायची.

"यमुने, संत्रं गुंडाळून राहिली का बॅरिस्टरी करून राहिली?" शेजारी बसणारी कलाबाई रोज विचारायची.

"तू गुंडाळ वं. माझं संत्रं जरा शिकून जाते नागपूरले."

बाया हसायच्या. पण पेट्या मोजल्या तर यमुनाबाईची कधी एक कमी भरायची नाही, म्हणून मुकादमही गप्प बसायचा. कामाचा मजकूर दिसला की तेवढा तुकडा फाडून ती कमरेला खोचायची. कोणत्या चौकात कोणतं दुकान, कोणत्या पुलाजवळ कोणतं ऑफिस, कुठला रस्ता खोदून ठेवलाय, स्टेशनवर परगावच्या बाईला कोणी कसं फसवलं. घरी एका पत्र्याच्या डब्यात असं अख्खं नागपूर साठत गेलं.

त्याचा खेळ झाला तो छाया आठवीत असताना. व्यापाऱ्याची भाची मुंबईहून सुटीला आली होती. तिच्याकडे तळहाताएवढा बटणांचा खेळ होता. काचेत एक काळा माणूस, बटण दाबलं की उडी मारायचा आणि टुंग करून वाजायचा. सारी आळी तिच्याभोवती. छायाला एकदाच हातात मिळाला, आणि घरी येऊन दोन दिवस तिच्या तोंडी दुसरा विषय नव्हता. शेवटी यमुनाबाईही जाऊन तो खेळ बघून आली.

"हा माणूस तं जागच्या जागीच उड्या मारून राहिला," ती म्हणाली. "त्याले गाव नाही, रस्ता नाही, बोलाले कोनी नाही. थांब, तुले मी याच्याहून चांगला देते."

आणि तिने दिला. जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांची तळहातात मावेल अशी वही, पेटीच्या सुतळीने शिवलेली. पहिल्या पानावर प्रश्न: तू कोण? नर्स व्हायला आलेली पोरगी, मास्तरीण, का दुकान टाकायला आलेली बाई? जी होशील तिचा रस्ता निराळा. बस स्टँडवर उतरलीस. उजवीकडे गेलीस तर पान पाच, डावीकडे गेलीस तर पान नऊ. जवळ संत्र्याच्या दहा बिया घेऊन बसायचं. बिया म्हणजे दम. चुकीच्या वळणाला दोन गेल्या, रडलीस तर तीन, नीट विचारलंस तर एक परत. बिया संपल्या की पुन्हा पहिलं पान.

वहीतलं शहर बोलायचं ते यमुनाबाईच्या तोंडून. भाकरी थापता थापता ती कंडक्टर व्हायची, रिक्षावाला व्हायची, दवाखान्यातली खेकसणारी कारकूनबाई व्हायची.

"ए पोरी, कुठं घुसून राहिली? लाइन दिसत नाही?"

"बाई, मुलाखतीला आले. हा माझा कागद."

"फोटो?"

"आई, फोटोचं वहीत कुठं आहे?"

"शहरात सगळं वहीत लिवलेलं असते का? आन दोन बिया."

मागच्या पुठ्ठ्यावर खेळाचा एकच नियम ठळक अक्षरांत होता. काही समजेनासं झालं तर रिकाम्या उभ्या माणसाला विचारू नये. डोक्यावर ओझं असलेल्या बाईला विचारावं. तिला कुठंतरी पोचायचं असतं, ती रस्ता खोटा सांगत नाही.

महिन्यापूर्वी छायाने ती वही सरलाला दाखवली होती. सरलाला इतकं कौतुक वाटलं की तिने लाल पेन काढलं आणि पानन् पान तपासून दिलं.

आता चालता चालता सरलाने विचारलं, "यमुनाबाई, तुम्ही शेवटच्या कधी गेला होता नागपूरला?"

यमुनाबाई हातातल्या चपला सावरत चालत राहिली.

"मी कायले जाईन? मी नाही गेली कधी."

सरला जागीच उभी राहिली. "कधीच नाही? मग वहीतलं सगळं?"

"कागदातलं. तुमाले काय वाटलं, मी पाहून आली?" यमुनाबाई वळली. "तुमी तपासली नं वही. लाल शाई केली. मले वाटलं, बाईनं पास केलं."

सरलाची मावशी नागपूरला. लहानपणापासून दहा वेळा तरी ती त्या रस्त्यांवरून चालली होती. पण वही हातात आली तेव्हा तिने काना, वेलांट्या, मात्रा पाहिल्या. एकही रस्ता पाहिला नाही. ज्या बाईने एवढं लिहिलं ती जाऊन आलेली असणारच, असं धरून चालली. पोरीला एकटं पाठवताना तिने ज्याचा हवाला दिला, ते हे.

"अजूक एक सांगू?" यमुनाबाईचा आवाज बारीक झाला. "रात्रभर वही मनात उलटून पाहिली मी. शेवटचं पान काय आहे? दवाखान्याच्या पायऱ्या. 'पोचलीस.' संपला खेळ. वापस याचं पानच नाही, बाई. तीन वर्सं खेळलो आमी मायलेकी. पोरगी एकदाबी घरी नाही आली, अन् माझ्या ध्यानात नाही आलं. सकाळी छायाचे बाबा बोलले, संत्रं धाडल्यासारखी पोरगी धाडली तू. भरली, ठोकली, धाडली. मले राग नाही आला. खरंच बोलले. रिकामी पेटी तरी येते फिरून, संत्रं कुठं येते?"

डिसेंबरचं ऊन उतरणीला लागलं होतं. कडेच्या तुरीत कुणी नव्हतं. सरलाने पुढे होऊन तिच्या हातातली तुटकी चप्पल घेतली आणि रस्त्याच्या कडेला, मैलाच्या दगडावर बसून अंगठ्याला पिन लावू लागली. या वेळी यमुनाबाई थांबली. खडे टोचून टोचून पाय लाल झाले होते, ते तिला आत्ता कळलं असावं.

सौसरकडून एक ट्रक आला. मागे रिकाम्या पेट्यांची उतरंड, एकमेकींवर खडखडणारी. दोघी धुळीसाठी पदर तोंडाशी धरून कडेला सरकल्या. ट्रक निघून गेला तशी यमुनाबाईची नजर पेट्यांवर गेली. निळी खूण. न ओघळलेली.

"हा तं आपला..." ती म्हणेपर्यंत ट्रक करकचून थांबला. केबिनचं दार उघडलं.

"आई!"

छाया खाली उडी टाकून पळत आली. तिच्या मागून ट्रकवाला चिंधूभाऊ, त्यांच्याच आळीतला, पान थुंकत उतरला. "घ्या तुमचा माल, वयनी. तपासून घ्या, डागी नाही."

यमुनाबाई पोरीच्या गळ्यात पडली नाही. तिने तिचे दोन्ही दंड धरले, वरून खाली पाहिलं, पायातल्या चपला पाहिल्या, वेणी पाहिली. मग विचारलं, "किती बिया उरल्या?"

"दोन."

"दोनच?" म्हणत यमुनाबाई रस्त्याच्या कडेला बसली ती बसलीच. हसत होती का रडत होती, सांगता येत नव्हतं. सरलाने डोळे मिटले आणि कालपासून अर्ध्यात अडलेली रामरक्षा मनात शेवटपर्यंत म्हणून टाकली.

केबिनमध्ये चौघं दाटीवाटीने बसली आणि ट्रक मोहगावकडे निघाला. छायाचं तोंड सुरू झालं.

"आई, तुझं नागपूर अर्धं उलटं आहे. तू लिहिलं पुलावरून जा, जायचं असतं पुलाखालून. घड्याळाचं दुकान तिथं नाहीच, तिथं चपलांचं आहे. चार बिया तिथंच गेल्या माझ्या."

"मंग वहीच उलटी धरली असशील तू."

"अन् दवाखान्यातली बाई! हुबेहूब तू. 'लाइन दिसत नाही?' मला हसूच आलं. बाकीच्या पोरी थरथरत होत्या, मी म्हटलं, बाई, हा कागद, हा फोटो."

"फोटो होता नं?" यमुनाबाईने सरलाकडे पाहिलं, जणू आपलंच कौतुक ऐकवत होती.

मुलाखत झाली, पण यादी संध्याकाळी सहाला लागणार म्हणून सगळ्यांना थांबवून ठेवलं. यादी बघून छाया बस स्टँडवर आली तेव्हा शेवटची बस गेली होती. तिने वही काढली. शेवटचं पान, पोचलीस. पुढे पुठ्ठा.

"मग पुठ्ठ्यावरचं वाचलं," छाया म्हणाली. "एक बाई डोक्यावर टोपलं घेऊन चालली होती. तिला विचारलं, मावशी, मोहगावचं कोणी इथं येतं का? ती म्हणे, कुठलं मोहगाव ते मला काय माहीत, पण संत्री घेऊन सारा मुलूख संत्रा मार्केटात येते, चाल. गेले तिच्यामागं. तिथं पेट्यांची रास होती, अन् राशीवर आपली निळी खूण. मी म्हटलं, आता इथून हलायचं नाही. आईची पेटी आहे, परत जाईलच."

त्या टोपलेवाल्या सुमनबाईने तिला आपल्या खोलीवर नेलं, जेवू घातलं, आणि सकाळी चिंधूभाऊचा ट्रक लागला तशी स्वतः आणून त्याच्या हवाली केलं. माल उतरवून रिकाम्या पेट्या चढवेपर्यंत दुपार झाली, एवढंच.

"अन् यादी?" सरलाने विचारलं. इतका वेळ तिला ते विचारायचं भानच राहिलं नव्हतं.

"अकरावं नाव आहे, बाई. जानेवारीत हजर व्हायचं. होस्टेल तिथंच."

चिंधूभाऊने उगाच लांबलचक हॉर्न वाजवला. रस्त्यावर तर कोणीच नव्हतं.

मोहगावच्या वेशीशी ट्रक थांबला. दादाराव काठीवर भार देत, प्लास्टरचा पाय ओढत स्टँडपर्यंत आला होता. त्याने पोरीच्या हातातली पिशवी तेवढी घेतली. त्याच्याच्याने ती धरवेना, तरी त्याने सोडली नाही. बापलेक हळूहळू पुढे गेले.

यमुनाबाई मागे राहिली. तिने छायाकडून वही मागून घेतली होती. ती सरलाच्या हातात ठेवली. सुतळी एका बाजूला सुटली होती आणि पानं प्रवासाने मळली होती.

"पोरगी आता तिथं राहीन," ती म्हणाली. "तिले भेटाले कोनाले तरी जा लागन. छायाच्या बाबाचा तं पाय असा. म्हंजे मीच."

"मी येईन ना तुमच्यासोबत."

"तुमाले परीक्षा लागते, बाई." ती हसली, पण बोलण्यात लागट काही नव्हतं. "आजवर मी शहर झाली अन् पोरगी खेळली. आता तुमी शहर व्हा. रोज सांजेले घंटाभर या, मी भाकरी थापत खेळीन. वापसीचं पानबी तुमच्या हातानं लिवा. अन् एक करा, मले लवकर पास करू नका."