वाढदिवसांवर घेतलेली गाडी

मार्चच्या दुसऱ्या सोमवारी सकाळी अकराच्या सुमारास मी माझी चारचाकी चंद्रपूरजवळ, मूल रस्त्यावरच्या एका यार्डात उभी केली आणि दोन्ही चाव्या फायनान्स कंपनीच्या कारकुनाला दिल्या. चार हप्ते थकले होते. गाडी कोणी ओढून नेली नाही, मी स्वतः चालवत नेली. त्या दिवशी हा फरक मला मोठा वाटत होता. गाडी देण्याचे कारण होते माझा मेहुणा.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. धानोरा तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिक्षक आहे आणि माझ्या गाडीच्या कर्जाला जामीनदार होता. गडचिरोलीत त्याने प्लॉट घेतला, घराच्या कर्जासाठी बँकेत फाइल दिली. माझी थकबाकी त्याच्या नावावर दिसू लागली. बँकेने मार्चअखेरची मुदत दिली. जामिनातून मोकळे झाल्याचे कंपनीचे पत्र आणा, नाहीतर फाइल परत.

मी गडचिरोलीत नागपूरच्या एका दैनिकाचा जिल्हा प्रतिनिधी आहे. या पदाला पगार नसतो, मानधन असते, आणि मानधनात पेट्रोलही बसत नाही. खरे उत्पन्न जाहिरातींच्या कमिशनचे. जिल्ह्यात जाहिरात म्हणजे वाढदिवस. जिल्हा परिषद सदस्याचा, सभापतीचा, नगरसेवकाचा. वर हात जोडलेला नेता, खाली टपाल तिकिटाएवढे शुभेच्छुक. शुभेच्छुकांच्या वाट्याचे पैसे नेताच देतो, हे सगळ्यांना ठाऊक असते, शुभेच्छुकांनाही.

माझ्याकडे वाढदिवसांची वही होती, महिनावार. जूनचे पान भरगच्च, कारण त्या पिढीतल्या बहुतेकांना शाळेत घालताना गुरुजींनी एक जून ही तारीख लिहून टाकली होती. त्या दिवशी आमचा अंक जाडजूड निघे. गाडी घेताना शोरूममध्ये मी कमिशनची जुनी पत्रके दाखवली, पण हप्ता किती झेपेल हे ठरवले त्या वहीवरून. माणसे जन्मून चुकली आहेत, त्यांचे वाढदिवस कुठे जाणार, असा तो हिशेब. आमच्या जिल्ह्यातले बरेच पत्रकार याच हिशेबावर जगतात. त्यावर गाडी घेण्याचा मूर्खपणा मी केला.

गाडी बातमीसाठी नव्हती. एटापल्ली-भामरागडच्या बातम्या मी पूर्वी एसटीने जाऊन करायचो, नंतर फोनवरून करू लागलो, आणि गाडी आल्यावरही फोनवरूनच केल्या. गाडी हवी होती कलेक्टर कचेरीच्या आवारात लावायला. पुढच्या आणि मागच्या काचेवर लाल अक्षरांत 'प्रेस' लिहून घेतले. ऑक्टोबरात एकदा आईला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर नेले. परतताना ती म्हणाली, "यस्टीत चार बाया भेटतेत बोलाले. इथी तं तूच."

मग जिल्हा परिषदेची मुदत संपली, निवडणूक लागली नाही आणि प्रशासक आला. पंचायत समित्या आणि नगर परिषदेचेही तेच झाले. प्रशासक हा अधिकारी असतो, तो वाढदिवसाची जाहिरात देत नाही. प्रशासक आल्याची बातमी मीच दिली होती, तीन कॉलमी. तिचा माझ्या हप्त्याशी संबंध आहे हे कळायला एक जून उजाडावा लागला. त्या दिवशीच्या अंकात माझ्याकडून एकच जाहिरात गेली होती, एका कोचिंग क्लासची.

मी एका माजी सदस्याच्या घरी गेलो. पाच वर्षे तो दर जूनमध्ये अर्धे पान घेत असे. तो ट्रॅक्टरखाली आडवा पडून काहीतरी आवळत होता. बाहेर आला नाही, तिथूनच बोलला.

"भाऊ, मले आता वाढदिवस नाई."

"तारीख तं तीच आहे."

"ते गुरुजीनं देल्ली होती. पद होतं तवा केक कापला. खरी कोनती ते मायले माहीत होतं, अन् माय गेली. तो पाना देता का इकडं?"

मी पाना दिला.

पुढचे बरेच हप्ते बायकोच्या पगारातून गेले. ती सरकारी दवाखान्यात परिचारिका आहे. मुलीच्या नागपूरच्या शिक्षणाची फी सुरू झाली तेव्हा तिने गाडीसाठी पैसे देणे थांबवले. त्यानंतर वसुलीचे फोन सुरू झाले. वसुलीचा माणूस पहिल्या महिन्यात 'सर' म्हणायचा, दुसऱ्यात 'भाऊ', तिसऱ्यात 'ओ प्रेसवाले'. चौथ्या महिन्यात तो कलेक्टर कचेरीच्या आवारात आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि बोनेटवर चहाचा ग्लास ठेवून निवांत उभा राहिला. मी वरच्या मजल्यावर पाणीटंचाईच्या बैठकीत होतो, खिडकीतून ते पाहत होतो. बैठक संपल्यावर तो जाईपर्यंत मी जिन्यात थांबलो. त्या बैठकीची बातमी मी दुसऱ्याच्या टिपणावरून दिली.

पुढच्या रविवारी मेहुणा घरी आला. चहा पिऊन झाल्यावर त्याने विषय काढला.

"भाऊजी, बँकवाला म्हने तुमच्या नावावर चारचाकी दिसून राह्यली. मी म्हनलो, माह्या नावावर फटफटी आहे, तेबी बापाची."

"भरतो न मी हप्ते. थोडा टाइम दे."

"कुठून भरान? तुमचे नेते तं घरी बसले."

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "भाऊजीले काऊन बोलतं? सही करताना पेढा तूच खाल्ला."

"पेढा एकच होता, बाई."

"मंग एकाच पेढ्यात गेला तू." ती हात पुसत बाहेर आली आणि माझ्याकडे वळली. "उद्या नेऊन द्या गाडी. तुमच्यापायी तो अडकला पायजे का?"

मी त्याच दुपारी वसुलीच्या माणसाला फोन केला. तो पुन्हा 'सर' म्हणू लागला. स्वतः आणून द्या, आठ दिवसांत लिलाव, लगेच जामीनदाराचे पत्र हातात, असे त्याने सांगितले. मंत्र्यांच्या, कलेक्टरांच्या तोंडी आश्वासनांवर मी अनेक वर्षे खवचट चौकटी लिहिल्या आहेत. हे आश्वासन मी तसेच घेतले.

यार्डात गाड्या दाटीने लावलेल्या होत्या. बऱ्याचशा, सूरजागडकडे लोहखाणीच्या ठेकेदाराला भाड्याने लावू म्हणून तरुण पोरांनी कर्जावर घेतलेल्या. दारांच्या फटींत लाल धूळ तशीच होती. काचांवर 'जय सेवा', 'जय भीम', 'आईची कृपा'. या पोरांवर मी वर्षभरापूर्वी लेख लिहिला होता, कर्जाच्या मोहाबद्दल. लेखातली माहिती बरोबर होती. शेवटच्या परिच्छेदात उपदेश होता.

कारकुनाने स्टेपनी पाहिली, ओरखडे मोजले, म्युझिक सिस्टीम लावून बघितली. मग काचेकडे बोट केले.

"हे प्रेस खरवडून द्या."

"काऊन?"

"लिलावात गिऱ्हाईक हात लावत नाई. पोलिसची अन् प्रेसची गाडी कोन घेते? लोक म्हनतेत, पेट्रोलबी फुकटचं पेली असन."

"हप्ते तं इथल्या कोनीच भरले नाई."

"नाई भरले. पन ते आमाले कायदा नाई शिकवत, भाऊ."

त्याने ड्रॉवरमधून ब्लेड काढून दिले. दोन्ही काचा खरवडायला मला पाऊण तास लागला. तोवर तो खुर्ची बाहेर आणून सावलीत बसला होता आणि कुठे रंग राहिला ते बसल्या जागेवरून सांगत होता. मग त्याने फॉर्म भरला, माझी सही घेतली आणि गाडी जमा झाल्याची पोच दिली. मी जामीनदाराच्या पत्राचे विचारले.

"साहेब नागपूरले राहतेत. साइन त्याइचीच चालते."

"आठ दिवसांत भेटन म्हनून सांगितलं मले."

"कोनं सांगितलं?"

मला नाव सांगता आले नाही. मी विचारलेच नव्हते. बातमीत सूत्राचे नाव नसले की संपादक ती परत पाठवतो, एवढे मला पहिल्या वर्षापासून माहीत आहे. फोन नंबर होता, तो मी दाखवला. कारकून म्हणाला, "हे तं एजन्सीचे लोक. ते बदलत राहतेत."

एसटीने गडचिरोलीला परतलो. मूलच्या पुढे बस पोलिसांच्या तपासणीला थांबली. कोणी माझ्याकडे ओळखपत्र मागितले नाही, मीही काढले नाही.

आठ दिवसांत पत्र आले नाही. मी नागपूरच्या कार्यालयात सात वेळा फोन केला. दोनदा उचलला गेला. दोन्ही वेळा सांगण्यात आले की वर्षअखेर असल्याने लिलाव पुढे गेला आहे. त्या आठवड्यात मेहुण्याने मला फोन केला नाही. बायकोला रोज केला. मार्चच्या शेवटच्या दिवशी बँकेने त्याची फाइल परत केली.

लिलाव मे महिन्यात झाला. आलेली रक्कम उरलेल्या कर्जाला पुरली नाही. फरक भरण्यासाठी बायकोने भविष्य निर्वाह निधीतून पैसे उचलले. पत्र ऑगस्टमध्ये आले. मी ते धानोऱ्याला जाऊन मेहुण्याच्या हातात दिले. तो वर्गात होता. त्याने ते उभ्याउभ्या वाचले, घडी घालून हजेरीपटात ठेवले आणि म्हणाला, "बरं झालं भाऊजी. जेवून जा."

सप्टेंबरमध्ये त्याने बँकेत नवा अर्ज दिला. तो अजून मंजूर झालेला नाही.