डॉक्टरांना कळवलं आहे

कोडमधला तो शब्द मी माझ्याच हाताने खोडला होता, हे आधी सांगून टाकते. नाहीतर वाटेल की मी फक्त दुसऱ्यांवरच चिडले आहे.

नगरला सावेडीतल्या एका छोट्या कंपनीत मी मोबाईल अ‍ॅप लिहायचं काम करायचे. एका खासगी डेअरीचं काम आलं. गाय आजारी पडली की शेतकऱ्याने अ‍ॅपमधलं बटण दाबायचं. निरोप आमच्या सर्व्हरवर जायचा आणि तिथून डेअरीच्या जनावरांच्या डॉक्टरला. काम सोपं होतं, मला आवडलंही होतं.

सर्व्हरला निरोप पाठवला की उत्तर लगेच येत नाही. रेंज चांगली असेल तर क्षणात येतं, नसेल तर कितीही वेळ लागतो, कधी येतच नाही. तोवर अ‍ॅप अडकून बसू नये म्हणून ते पुढची कामं करत राहतं. पण उत्तरावर जे अवलंबून आहे ते उत्तर आल्यावरच करायचं, त्यासाठी कोडमध्ये ‘अवेट’ असा एक शब्द लिहितात. म्हणजे इथे थांब. मी तो लिहिला होता. बटण दाबलं की गोल चक्र फिरायचं आणि सर्व्हरचं उत्तर आल्यावरच पडद्यावर हिरव्या अक्षरांत यायचं, ‘डॉक्टरांना कळवलं आहे’.

कंपनीच्या मालकांना, म्हणजे आमच्या सरांना, ते चक्र आवडलं नाही. डेअरीच्या लोकांना अ‍ॅप दाखवताना ते जरा जास्त फिरलं होतं.

“हे काढ. बटण दाबलं की लगेच हिरवं दिसलं पाहिजे.”

“सर, निरोप गेला नसेल तर?”

“जाईल गं. मागे जात राहील. तू माणसाला कशाला थांबवतेस?”

मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. ‘अवेट’ खोडला, चूक झाली तर काय करायचं ते सांगणाऱ्या चार ओळीही काढल्या. अ‍ॅप झटपट चालायला लागलं. सरांनी सगळ्यांसाठी वडे मागवले. मीही खाल्ले.

मदतीसाठी म्हणून अ‍ॅपमध्ये जो नंबर होता तो माझाच. वेगळा माणूस ठेवायचा नव्हता. पावसाळा संपल्यावर एका दुपारी त्यावर एका बाईंचा फोन आला. पाथर्डीकडच्या एका गावातून बोलत होत्या. घरची माणसं ऊसतोडीला गेलेली, या मागे दोन गाई सांभाळत होत्या.

“ताई, डाक्टर कवा येनार? गाय अडलीय. वासराचे पाय भाईर आलेत, मुंडकं येत न्हाई.”

“मावशी, बटण कधी दाबलंत?”

“सकाळच्याला. भाकरी व्हायच्या आदी.”

मी सर्व्हरवर पाहिलं. त्यांच्या नावाची नोंद नव्हती. सकाळची नाही, दुपारची नाही. बटण दाबलं तेव्हा इंटरनेट नसणार, आणि न गेलेला निरोप पुन्हा पाठवायची सोय अ‍ॅपमध्ये नव्हतीच. डॉक्टरांना मी थेट फोन केला. ते शेजारच्याच गावात होते आणि त्यांना काहीच माहीत नव्हतं. अर्ध्या तासात ते पोचले. गाय वाचली. वासरू आतच मेलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांच्या टेबलासमोर उभी राहिले.

“नेटवर्क त्यांच्याकडचं. आपण काय करणार?” सर म्हणाले. “आणि एकच तर केस आहे.”

“एकच कशावरून? जो निरोप आलाच नाही त्याची नोंद आपल्याकडे कुठून असणार? असे किती गेले ते तुम्हाला सांगता येईल का?”

“आवाज खाली कर.”

मी आवाज खाली केला नाही. त्या ऑफिसात मी पहिल्यांदाच ओरडत होते आणि ओरडताना हेही कळत होतं की निम्मं मी स्वतःवरच ओरडते आहे.

रविवारी एसटीने पाथर्डी गाठली, तिथून जीपने त्या गावात गेले. मावशी गोठ्यात शेण काढत होत्या. गाय उभी होती, पण मान खाली घालून. मी कोण ते सांगितलं, चूक आमची होती तेही सांगितलं. त्यांनी हात धुतले, मला बसायला पोतं टाकलं.

“शेजारच्या गावात एक जानता मानूस हाय,” त्या म्हणाल्या. “हात घालून वासरू काढतो. मी त्याला बोलवनारच हुते. पन मोबाईलवर आलं ना, डाक्टरला कळवलंय. म्हनलं आता दोन मानसं कशाला.”

त्या माझ्यावर चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. आमचं अ‍ॅप नसतं, नुसता मोबाईल असता, तर त्या धावल्या असत्या. आमच्या हिरव्या अक्षरांनी त्यांना घरात बसवून ठेवलं.

सोमवारी कुणालाही न विचारता मी ‘अवेट’ परत लिहिला. ठरलेल्या वेळात उत्तर आलं नाही तर लाल अक्षरांत दिसेल, ‘निरोप पोचलेला नाही, या नंबरवर फोन करा’, आणि खाली डॉक्टरांचा नंबर. न गेलेला निरोप मोबाईलमध्येच साठेल आणि रेंज आली की पुन्हा जाईल, तो आधी अडला होता हेही सर्व्हरला कळेल. सरांना कळलं तेव्हा ते म्हणाले, “लाल बघून लोक घाबरतील.” मी म्हटलं, “घाबरू देत. घाबरलेला माणूस फोन तरी करतो.”

पहिल्या आठवड्यातली अडलेल्या निरोपांची यादी मी कागदावर छापून त्यांच्या टेबलावर ठेवली. दोन पानं भरली होती. त्यांनी ती उलटी करून ठेवली.

मग डेअरीबरोबर बैठक झाली. सरांनी मोठ्या पडद्यावर तेच लाल अक्षरांचं पान दाखवलं आणि म्हणाले, “रेंज नसली तरी आमचं अ‍ॅप शेतकऱ्याला वाऱ्यावर सोडत नाही. हे आम्ही मुद्दाम केलंय.”

डेअरीच्या एका वयस्कर साहेबांनी सहज विचारलं, “आधी काय दिसायचं?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसावं अशी ती नजर होती. मी उभी राहिले आणि आधी काय दिसायचं, ते कुणी सांगितलं, कुणी लिहिलं आणि त्या मावशींच्या गोठ्यात काय झालं, सगळं सांगितलं. माझं नावही त्यात घेतलं.

डेअरीने काम काढून घेतलं नाही. त्यांनी डॉक्टरांचा नंबर प्रत्येक दूध संकलन केंद्राच्या भिंतीवर रंगवून घेतला. मला मात्र त्या कामावरून काढून लग्नपत्रिकांच्या अ‍ॅपवर बसवलं. तीन महिन्यांनी मी नोकरी सोडली. सर अजूनही सगळ्यांना सांगतात की पोरगी हुशार होती, पण स्वभावाने तापट.