चुकीच्या बोटी

माझं माहेर नगरकडचं. लग्नाआधी मी खोल पाणी पाहिलं ते फक्त विहिरीत. नवऱ्याला बोईसरच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून इकडे आले, आणि फादरांनी माझ्या गळ्यात काय घातलं, तर समुद्राकाठच्या दांडी गावातल्या कोळ्यांना बायबलच्या गोष्टी सांगायचं काम! दर रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की एका घराच्या ओट्यावर पोरं जमायची. पोरांमागे त्यांच्या आया यायच्या, आयांमागे सासवा. चहा व्हायचा. मग मी पुस्तक उघडायची.

पहिल्याच रविवारी गोष्ट घेतली ती भरलेल्या जाळ्याची. मी रंगात येऊन सांगितलं, "जाळं एवढं जड झालं, की सगळे शिष्य एका बाजूला उभे राहून ओढायला लागले!"

समोरच्या अंगणातून आरोळी आली, "बुडवलेस! सगळे एका अंगाला उबे रायले तं बोट उलटंल ना, बाय! शिष्यच बुडले तं तुमचा धर्म कोन चालवनार?"

पोरं खिदळली. बायकांनी पदर तोंडाला लावले. मला अस्सा राग आला! अंगणात एक म्हातारा तांडेल जाळं दुरुस्त करत बसला होता. एके काळी स्वतःची बोट चालवलेला माणूस. मान वर न करताच बोलला होता.

मग त्याची नऊ वर्षांची नात माझ्या कानाशी लागली. हा तिचा आजा. त्याचा धाकटा भाऊ वादळात गेला, तेव्हापासून तो चर्चची पायरी चढला नव्हता. उन्हाळ्यात तिचं पहिलं कम्युनियन होतं, चर्चमध्ये पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घ्यायचा सोहळा. "आजा नाय आला तं मी पांडरा फ्रॉक घालनारच नाय," ती म्हणाली. घरात यावरून रोज रडारड चालली होती.

फादर त्याला समजावून थकले होते, सून हात जोडून थकली होती. मी कोण लागून गेले? पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती. हा माणूस देवाबद्दल ऐकून घेत नव्हता, पण बोटीबद्दल चुकीचं ऐकून त्याला गप्प बसवत नव्हतं.

झालं! मी ठरवून चुकायला लागले. जलप्रलयातल्या तारवाची गोष्ट सांगताना म्हटलं, "मग त्यांनी तारवाला बाहेरून डांबर फासलं." शास्त्रात आतून-बाहेरून असं स्पष्ट लिहिलंय. मी 'आतून' गिळून टाकलं. प्रभू मला क्षमा करो.

"आतून नाय लावला?" आरोळी आली. "मंग चाळीस दिवस पानी उपसत बसले काय?"

पुढच्या रविवारी जाळं अंगणातून ओट्याच्या पायरीशी आलं. त्यापुढच्या रविवारी पायरीवर. माझ्या गोष्टींत दर आठवड्याला एक तरी बोट बुडायला टेकायची आणि म्हातारा ती वाचवायचा. बायकांना माझा डाव कळला होता. एक बाई तर मला आठवण करून द्यायची, "टीचर, आज कुटं चुकनार?"

एक गोष्ट मात्र मी टाळत होते, वादळाची. पण पोरं कसली सोडतात! नातीनंच हट्ट धरला. मी ती सरळ सांगितली, एकही चूक न करता. लाटा बोटीत येत होत्या, शिष्य घाबरले होते, आणि प्रभू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपला होता.

म्हाताऱ्याचे हात थांबले. आता हा उठून जाणार, आणि माझ्या शहाणपणापायी पोरीचा फ्रॉक पेटीतच राहणार, असं मला वाटलं. रडू यायला लागलं.

तेवढ्यात नातीनं विचारलं, "आजा, वादळात झोप कशी लागते रे?"

"लागते," तो म्हणाला. "सुकानूवर बसलेल्यावर भरवसा असला की लागते." मग माझ्याकडे वळला. "त्या बोटीत कोलीच होते ना?"

"चौघं तरी," मी म्हटलं.

"मंग बरोबर हाय. तो सुतार मानूस. त्याचा कोल्यांवर भरवसा होता." तो जाळ्याकडे बघत राहिला. "माजा भाऊस पन झोपलेला त्या दिवशी. सुकानूवर मी होतो ना."

इतकी वर्षं सगळं गाव समजत होतं, आणि आता मीही, की म्हातारा देवावर रुसलाय. सुनेनं त्याच्या हातात चहाचा कप दिला. तो त्यानं दोन्ही हातांनी धरला. मी पुस्तक मिटलं. त्या रविवारी पुढची गोष्ट झालीच नाही.

कम्युनियनच्या दिवशी मी चर्चच्या दारात पोरांच्या मेणबत्त्या सरळ करत होते, तर समोरून म्हातारा! कडक इस्त्रीचा सदरा, डोक्याला तेल. माझ्यापाशी थांबला आणि हळूच म्हणाला, "डांबर आतून-भायेरून असतं, बाय. रविवारची गोष्ट नात दर शनवारी वाचून दाकवायची मला."

"म्हणजे तुम्हाला सगळं...?"

"तू एवडी मेहनत करून चुकायचीस. ओरडायला नको?"

अगं बाई! तो जाऊन शेवटच्या बाकावर बसलासुद्धा.

फादरांचा उपदेश लांबला. थोड्या वेळानं मागून घोरणं ऐकू यायला लागलं, आधी बारीक, मग चांगलं दणदणीत. माणसं वळून बघायला लागली. सून शरमेनं लाल होऊन त्याला उठवायला निघाली, तर पहिल्या रांगेतली पांढऱ्या फ्रॉकातली पोर धावत आली आणि तिनं आईचा हात धरला.

"नको उटवू," ती म्हणाली. "झोपू दे त्याला."