आश्रुबानं पुसलेली हळद

आश्रुबाचं नाव निघालं की माझे हात आपोआप जुळतात. आन् त्याच माणसाला माझ्या हळदीच्या दिवशी मी तोंडाला येईल ते बोलले होते.

निजामाचं राज्य होतं. पोलीस ॲक्शनच्या चार वर्षं आधीची गोष्ट. परभणीत मोंढ्याच्या बाजारामागं आमचं घर. शेजारच्या कापसाच्या जिनिंगचं इंजिन चाललं की आमच्याकडंबी बिजली यायची. तिथलाच तारवाला हा आश्रुबा. दोन बोटं आखडलेली, बोलणं कमी, हट्ट मात्र लय. लग्नाला चार दिवे जास्तीचे लावायचे म्हणून माझ्या वडलांनी, अप्पांनी, त्याला बोलावलं होतं.

त्यानं फ्यूज उघडला आन् कपाळाला हात लावला. दिवे सारखे जातात म्हणून माझ्या भावानं, लिंगराजनं, त्यात कुंपणाची जाड तार पिळून घातलेली. बारीक तार जळती म्हणून घर वाचतं, एवढंच आश्रुबा बोलला. जाड तार काढून खिशात घातली आन् सांगितलं, घरातली सगळी तार बघितल्याबिगर दिवा लागणार न्हाई.

नवऱ्याकडचे गंगाखेडचे पाव्हणे ओसरीवर बसलेले. अप्पांचा पारा चढला. मी तर म्हणले, अंधारात लग्न लावायला आलाय का मेला! तो ऐकून न ऐकल्यासारखा तारेवरच्या लाकडी पट्टीवर हात फिरवत खोल्यांमागून खोल्या बघत गेला. तारेवरचं रबर जागोजागी चिरलेलं, ते कापून नवं घालायचा.

शेवटी न्हाणीघर. अव्वानं, माझ्या आईनं, माझ्या आंघोळीचं पाणी तापवून ठेवलेलं. आश्रुबानं तिला बाहेर काढलं, बारीक तार घालून फ्यूज पुन्हा बसवला आन् तपासायच्या बल्बची एक तार ओल्या जमिनीत रोवलेल्या सळईला लावली, दुसरी न्हाणीच्या पत्र्याच्या भिंतीला. बल्ब लखलखला. त्या पत्र्याला टेकूनच मी आंघोळीला बसणार होते.

फ्यूज काढून त्यानं वर बघितलं. दारावरून तार नेलेल्या लाकडी पट्टीत तोरणाचा खिळा. तार फोडून मागच्या पत्र्यात गेलेला. पट्टीवर हळदीची ताजी बोटं उमटलेली. माझीच. लाकूड मऊ लागलं म्हणून सकाळी मीच ठोकला होता.

पाव्हण्यांच्या बाया मागं येऊन उभ्या. नवरीच्या हातानं असं झालं म्हणल्यावर काय काय बोलल्या असत्या, देव जाणे. आश्रुबानं उपरण्यानं ती बोटं पुसली. अप्पांनी विचारलं तर म्हणाला, "पट्टी जुनी झालीय, बदलतो."

दिवेलागणीला सगळं घर उजळलं. अप्पा उशिराबद्दल कुरकुरलेच.

सासरी निघताना सगळ्यांच्या पाया पडले. मग दारात उभ्या आश्रुबाच्या पायावर डोकं ठेवलं. अप्पांनी नवलानं विचारलं, "याच्या पाया कशाला गं?"

खरं सांगायची हिंमत झाली न्हाई. "दिवे लावले ना त्यांनी," एवढंच म्हणले. आश्रुबानं आखडलेली बोटं माझ्या डोक्यावर ठेवली. उपरण्यावर हळद तशीच होती.